साडेअकरा सेंटिमीटर

मुलाच्या डाव्या दंडाभोवती गुंडाळायची तीन रंगांची एक पट्टी असते. अंगणवाडीत जाणं होत असेल तर तुम्ही ती पाहिली असेल. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर लाल, साडेअकरा ते साडेबाराच्या दरम्यान पिवळा आणि त्यापुढे हिरवा. लाल म्हणजे तीव्र कुपोषण, अंगणवाडीताईंच्या बोलण्यातलं ‘सॅम’. पिवळा म्हणजे मध्यम कुपोषण, ‘मॅम’. नायजर, मलावी, इथिओपिया, चाड इथल्या खेड्यांतही हीच पट्टी आणि हेच आकडे चालतात. मूल दवाखान्यात पाठवायचं की घरी ठेवून बरं करायचं, या निर्णयाची सुरुवात तिथे या पट्टीपासून होते. गेल्या पंचवीस वर्षांत आफ्रिकेतल्या बालआरोग्यात जे थोडे खरोखर मोठे बदल झाले, त्यांपैकी एक या पट्टीभोवती झाला आहे: तीव्र कुपोषित मुलांचे उपचार इस्पितळातून घरी आले. आपल्याकडे त्याची चर्चा ‘शेंगदाण्याचं पाकीट’, म्हणजे या मुलांना घरी द्यायचं तयार अन्न, एवढ्यावरच थांबते. पाकीट महत्त्वाचं आहेच, पण ते देतं कोण, कुठे देतं आणि कुणाच्या सोयीने देतं, हे मला त्याहून महत्त्वाचं वाटतं.

आधी पट्टीचं. सहा महिन्यांच्या तान्ह्याला आणि साडेचार वर्षांच्या पोराला एकच माप कसं चालतं? या वयात मूल उंच होतं, पाय लांबतात, पण निरोगी मुलाच्या दंडाचा घेर फारसा बदलत नाही. बाळसं उतरतं आणि त्या जागी स्नायू भरतात. त्यामुळे नेमकं वय माहीत नसलं तरी अडत नाही. जिथे जन्माची नोंद होत नाही आणि ‘मागच्या पेरणीच्या वेळी झाला’ एवढंच आई सांगू शकते, तिथे हे फार मोलाचं ठरतं. वजनकाटा नको, उंची मोजायचा फळा नको, तक्ता नको. शिवाय दंडाचा घेर म्हणजे अंगावरच्या स्नायूंचा अंदाज. आजारात शरीर तीच शिल्लक मोडून खातं. त्यामुळे कुठलं मूल दगावण्याचा धोका जास्त आहे, हे ही साधी पट्टी बऱ्यापैकी अचूक सांगते.

कुपोषणाचा एक प्रकार मात्र पट्टीत सापडत नाही. सुकटीत मूल हाडाला चिकटतं. सुजवटीत ते सुजतं. गाल वर आलेले, पाय फुगलेले, केस विरळ आणि तांबूस. अनोळखी माणसाला मूल गुबगुबीत वाटू शकतं. म्हणून दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून पाहायचं. खड्डा तसाच राहिला तर मूल सॅम, मग दंड कितीही भरो. सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी १९३३ मध्ये गोल्ड कोस्टमधल्या, म्हणजे आजच्या घानामधल्या, अशा मुलांचं वर्णन छापलं. पाठचं भावंड झाल्यावर अंगावरून तुटलेली, मक्याच्या पेजेवर वाढणारी ही मुलं होती. पुढे कित्येक वर्षं सगळा दोष प्रथिनांच्या कमतरतेला दिला गेला. आज चित्र तेवढं सरळ मानत नाहीत. सारखंच खाणाऱ्या दोन मुलांपैकी एक वाळतं आणि दुसरं सुजतं, याचा उलगडा अजून पुरता झालेला नाही.

अशा मुलाला भरपूर खायला घातलं की झालं, असं कुणालाही वाटेल. तिथेच घात होतो. फार दिवस उपाशी राहिलेलं शरीर खर्च कापतं. हृदय हळू चालतं, मूत्रपिंडं कमी काम करतात, पेशींमधून मीठ बाहेर फेकणारी यंत्रणा मंदावते. आत संसर्ग असला तरी ताप येत नाही, कारण ताप आणायलाही ताकद लागते. अशा अवस्थेत पहिल्याच दिवशी पोटभर खाऊ घातलं किंवा भराभर सलाइन चढवलं, तर हृदय तो भार पेलू शकत नाही आणि मूल उपचारानेच जातं. अनेक इस्पितळांत तीव्र कुपोषित मुलांपैकी पाचातलं एक, कधी त्याहून जास्त दगावायची, त्याचं हे एक मोठं कारण होतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये यावर सविस्तर नियमावली काढली. आधी एफ-७५ हे सौम्य दूध, थोडं थोडं, रात्रीसुद्धा दर दोन-तीन तासांनी. मूल सावरलं की एफ-१०० हे जास्त ऊर्जेचं. हे आकडे म्हणजे १०० मिलिलिटरमागच्या कॅलरी.

शास्त्र बरोबर होतं. पण त्यासाठी मुलाला जवळपास महिनाभर वॉर्डात ठेवावं लागे, आणि मूल राहणार म्हणजे आईही राहणार.

आता नायजरच्या दक्षिणेकडच्या माराडी किंवा झिंडर भागातली एखादी शेतकरीण डोळ्यांसमोर आणा. तिथलं मुख्य पीक बाजरी. बाजरीचं मूळ घरच पश्चिम आफ्रिकेतलं. तिथूनच ती आपल्याकडे आली. पाऊस जूनच्या सुमारास सुरू होतो आणि कणसं हाती लागायला सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडतो. मधले महिने सर्वांत वाईट: मागच्या वर्षीचं धान्य संपलेलं, बाजारात भाव चढलेला, शेतात खुरपणी निघालेली. याच महिन्यांत मलेरिया आणि जुलाबही जोरात असतात. घरातला कर्ता पुरुष पुष्कळदा मजुरीसाठी परमुलुखात गेलेला. कुटुंबाच्या कणगीवर त्याची सत्ता. बाईकडे स्वतःचा म्हणून जमिनीचा लहान तुकडा आणि त्यातून निघेल तेवढं धान्य. पाण्याच्या खेपा तिच्याच डोक्यावर, घरी आणखी तीन-चार मुलं. तिला ‘एका मुलासाठी महिनाभर तालुक्याला येऊन राहा’ असं सांगणं म्हणजे बाकीच्या मुलांचं पुढच्या वर्षीचं धान्य सोडून दे, असं सांगणं. ती येत नाही. आलीच तर मूल जरा डोळे उघडून पाहू लागलं की आठवड्यात उठून जाते. दवाखान्याच्या नोंदवहीत मग ‘उपचार अर्धवट सोडले’ असा शेरा पडतो. त्यात तिचा अडाणीपणा शोधणाऱ्यांनी तिचं हे गणित एकदा स्वतः मांडून पाहावं. त्यातून गर्दीच्या वॉर्डात एका मुलाचे जुलाब आणि गोवर दुसऱ्याला लागायचे, ते वेगळंच.

घरी नेऊन तेच दूध पाजायला काय हरकत होती? अडचण पाण्याची. एफ-१०० ही पूड. ती स्वच्छ पाण्यात कालवावी लागते, आणि कालवलेलं दूध उन्हात ठेवलं की काही तासांत जंतूंचं माहेरघर होतं. १९९६ च्या सुमारास आंद्रे ब्रियांद हे फ्रेंच बालरोगतज्ज्ञ आणि न्यूट्रिसेट कंपनीचे मिशेल लेस्कान यांनी यावर उत्तर काढलं. या दुधातला काही भाग काढून तिथे शेंगदाण्याचा लगदा घालायचा आणि पाणी अजिबात वापरायचं नाही. साधारण एक चतुर्थांश शेंगदाणे, त्याहून थोडी जास्त साखर, तितकीच दूध पावडर, बाकी तेल आणि जीवनसत्त्वं-क्षारांचं मिश्रण. लाडवाचं सारण तेल जास्त झाल्याने सैल पडावं, तसं हे दिसतं आणि लागतं. ९२ ग्रॅमच्या एका पाकिटात ५०० कॅलरी. पाणीच नसल्यामुळे त्यात जंतू वाढू शकत नाहीत. शिजवायचं नाही, सरपण नको, भांडं नको. कोपरा फाडून मूल स्वतः चोखतं. ‘प्लम्पीनट’ हे या पाकिटाचं सर्वांत प्रसिद्ध व्यापारी नाव.

पाकीट तयार झालं, तरी मुलं लगेच घरी गेली नाहीत. ज्या आजाराने वॉर्डात मुलं मरतात, त्याची मुलं खेड्यात आईच्या भरवशावर सोडायची, ही कल्पनाच डॉक्टरांना पटणारी नव्हती. इथिओपियात २००० सालच्या दुष्काळात स्टीव्ह कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हादिया भागात १७० मुलांवर घरच्या घरी उपचार केले. त्यांतली ८५ टक्के बरी झाली, ४ टक्के दगावली. दुष्काळाच्या धामधुमीत हा निकाल बहुतेक वॉर्डांपेक्षा कितीतरी चांगला होता. मलावीतल्या ब्लँटायर शहरात मार्क मॅनरी हे अमेरिकन बालरोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं भरलेला कुपोषण वॉर्ड पाहत होते. त्यांनी २००१ पासून मुलांना पाकिटं देऊन घरी पाठवायला सुरुवात केली. पुढच्या तुलनेत घरी उपचार झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलं ठरवलेल्या वजनापर्यंत पोचली, नेहमीच्या पद्धतीत ४६ टक्के.

मग २००५ चं नायजर. आदल्या वर्षी पाऊस तुटला आणि टोळधाड आली. बाजारात धान्य होतं, पण ते विकत घेण्याची गरिबाची ऐपत नव्हती. ‘मेदसँ साँ फ्राँतिएर’ या डॉक्टरांच्या संस्थेने त्या वर्षी तिथे सुमारे ६० हजार तीव्र कुपोषित मुलांवर उपचार केले, बहुतेकांवर घरीच. एवढ्या मुलांना खाटांवर झोपवायचं ठरवलं असतं तर देशातली सगळी इस्पितळं पुरली नसती. इतक्या मोठ्या संख्येपुढे वाद घालणं अवघड होतं. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक अन्न कार्यक्रम यांनी संयुक्त राष्ट्रांच्या पोषण समितीसह निवेदन काढून ही पद्धत मान्य केली.

आज हे काम चालतं ते असं. गावाजवळच्या आरोग्य केंद्रात आठवड्याचा एक दिवस ठरलेला असतो. आधी पट्टी, मग पावलावर अंगठा, मग सर्वांत कळीची परीक्षा: भूक. आईच्या मांडीवर बसून मुलाने पाकीट खाल्लं तर ते घरी जाणार. तोंड फिरवलं तर आत काहीतरी बिघडलंय असं समजायचं, कारण गंभीर संसर्गात भूक सर्वांत आधी मरते. खूप खोकला, अखंड उलट्या, ग्लानी, वाढलेली सूज असेल तरीही वॉर्ड. तिथे मात्र पूर्वीचेच सगळे काटेकोर नियम. पण गावात वेळेवर शोधलेल्या मुलांपैकी बहुतेकांना वॉर्डाची गरज पडत नाही. त्यांना वजनाप्रमाणे आठवड्याची पाकिटं, एखादं प्रतिजैविक आणि पुढच्या आठवड्याची तारीख मिळते. सहा ते आठ आठवड्यांत मूल सुटं होतं.

प्रतिजैविकाबद्दल दोन देशांनी दोन उत्तरं दिली. मलावीत २,७६७ मुलांच्या चाचणीत, २०१३ मध्ये छापलेल्या, नुसती पाकिटं मिळालेल्यांपैकी ७.४ टक्के मुलं दगावली, अमॉक्सिसिलिनही मिळालेल्यांपैकी ४.८ टक्के. तीन वर्षांनी नायजरच्या चाचणीत बरं होण्याच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही. मलावीत सुजवटीची आणि एचआयव्हीची मुलं पुष्कळ होती, नायजरमध्ये चित्र वेगळं. ‘आफ्रिकेत’ असं एका दमात बोलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट यानंतरची. उपचार घरी गेले, पण मूल शोधायचं काम अजून आरोग्यसेवकाच्याच हाती होतं, आणि तो गावात महिन्यातून एकदा फिरकणार. मूल मात्र दोन आठवड्यांत घसरतं. नायजरच्या मिरिया जिल्ह्यात ‘अलिमा’ या संस्थेने पट्टी थेट आयांना दिली. वाचता येत नसलं तरी रंग कळतो. दंडाचा नेमका मध्य शोधत बसण्याची गरज नाही, कुठला दंड याचाही बाऊ नाही. शिकवायला काही मिनिटं पुरतात. आयांनी मोजलेली मुलं केंद्रात लवकर पोचली, त्यांचे दंड कमी वाळलेले होते आणि त्यांच्यापैकी इस्पितळात भरती करावी लागणारी मुलं कमी निघाली. रोज मुलाला अंघोळ घालणाऱ्या बाईला त्याचा दंड वाळलेला आधी कळणार, यात नवल काहीच नाही. नवल याचं, की हे करून पाहायला २०१० नंतरचं दशक उजाडावं लागलं. आता ही पद्धत कितीतरी देशांत रूढ झाली आहे.

इथिओपियाने दुसरीकडून सुरुवात केली. २००३ पासून तिथे प्रत्येक ‘केबेले’त, म्हणजे सर्वांत लहान प्रशासकीय भागात, वर्षभराचं प्रशिक्षण घेतलेल्या दोन स्थानिक मुली पगारावर नेमायला सुरुवात झाली. त्यांची संख्या तीस हजारांच्या पुढे गेली. २००८ च्या टंचाईनंतर साध्या सॅम मुलांचे उपचारही त्यांच्या हाती देण्यात आले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळांचा जंतुसंसर्ग ओळखून सुई द्यायला शिकवलं, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. तेव्हाही आक्षेप हाच होता: हे काम डॉक्टरचं. फरक पगाराचा. इथिओपियाच्या त्या मुली सरकारी नोकर आहेत. आपल्या आशाताई मानधन आणि कामामागे मिळणाऱ्या मोबदल्यावर आहेत, आणि नायजरचे गावपातळीवरचे कार्यकर्ते बहुतांशी स्वयंसेवक. फुकटच्या किंवा अर्धपोटी राबणाऱ्या बाईवर कार्यक्रम उभा केला की तो किती टिकणार, हा प्रश्न तिन्हीकडे आहे.

पाकिटाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ते आजार बरा करतं, आजाराचं कारण नाही. बरं झालेलं मूल त्याच घरात, त्याच रिकाम्या कणगीशी परत येतं, आणि काही मुलं वर्षाच्या आत पुन्हा लाल रंगात सापडतात. शिवाय आईच्या दंडाला पट्टी कोण लावणार? नायजेरियातल्या कात्सिना राज्यात मेदसँ साँ फ्राँतिएरने २०२५ च्या जुलैत आपल्या पाच केंद्रांत मुलांना घेऊन आलेल्या ७५० आयांची तपासणी केली. निम्म्याहून अधिक आया स्वतः कुपोषित निघाल्या, १३ टक्के तीव्र. मुलाच्या वाट्याची पाकिटं घरात इतरांनीही खाल्ली, अशी तक्रार कार्यक्रम चालवणारे वारंवार करतात. हा आकडा वाचल्यावर त्या तक्रारीकडे वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. सहा महिन्यांखालच्या बाळांना तर पाकीट देताच येत नाही; त्यांचा उपचार म्हणजे आईचं दूध, आणि म्हणून आईचं पोट आणि मन. २०२३ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या नियमावलीत आई आणि तान्हं बाळ यांची काळजी एकत्र घ्या, असं स्पष्ट म्हटलं आहे. उशीर झाला, पण म्हटलं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे आपला वाद आठवेल. सॅम मुलांची सर्वांत मोठी संख्या आफ्रिकेत नाही, दक्षिण आशियात आहे, आणि त्यात भारत पहिला. तरीही केंद्र सरकारने २०१७ मध्ये राज्यांना कळवलं की अशी तयार पाकिटं हे मान्य धोरण नाही. महाराष्ट्राने ग्राम बाल विकास केंद्रांमधून त्याच जातीचा आहार दिला आणि त्यावर टीकाही झाली: घरचं ताजं अन्न सोडून कारखान्याचं पाकीट कशाला, आणि एकदा कंपन्या आत आल्या की बाहेर कोण काढणार? भीती अनाठायी नाही. पण नायजरचा अनुभव पाहता मला वाटतं, वाद औषधाच्या रांगेत आणि अन्नाच्या रांगेत एकच वस्तू उभी केल्यामुळे होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये हे पाकीट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. लाल रंगातल्या मुलाला दीड-दोन महिने औषध म्हणून देणं वेगळं, आणि गावच्या सगळ्या मुलांना खाऊ म्हणून वाटणं वेगळं. दुसरं करायला माझाही विरोधच आहे. गंमत अशी की भारतातल्या कारखान्यांत बनलेली ही पाकिटं युनिसेफमार्फत परदेशात जातात.

पाकीट जिथलं तिथे बनवायचे प्रयत्नही झाले. नायजरमधल्या नियामे शहरातल्या एसटीए कंपनीत आणि ब्लँटायरमध्ये ते बनतं. स्थानिक शेंगदाणा घेतला की शेतकऱ्याला, त्यातही भुईमूग पिकवणाऱ्या बायकांना, गिऱ्हाईक मिळतं. पण पाण्याचा ताण पडलेल्या आणि नीट न वाळवलेल्या शेंगांवर बुरशी येते आणि अफ्लाटॉक्सिन हे यकृताचं विष तयार होतं. आपल्याकडच्या भुईमूग निर्यातदारांची डोकेदुखी तीच. कुपोषित बाळाच्या पाकिटाला त्याची मर्यादा फार कडक, त्यामुळे बराच स्थानिक माल नापास होतो. दूध पावडर आणि जीवनसत्त्वं तर बाहेरूनच येतात. ‘स्थानिक’ पाकीट म्हणूनच नेहमी स्वस्त पडतं असं नाही.

आणि पैसा. एका मुलाच्या पूर्ण उपचाराच्या पाकिटांना साधारण ५० डॉलर लागतात. हा पैसा मोठ्या प्रमाणात अमेरिकेच्या सरकारी मदतीतून यायचा. २०२५ मध्ये ती मदत देणारी संस्थाच बंद करण्यात आली, आणि बनवून ठेवलेली खोकी काही काळ गोदामांत पडून राहिली. त्यामुळे थोड्या पाकिटांत जास्त मुलं कशी बरी करता येतील, या जुन्या शोधाला आता निकड आली आहे. नेहमीच्या पद्धतीत मूल जसं वजन धरतं तशी पाकिटं वाढत जातात, म्हणजे बरं होत आलेल्या मुलाला सर्वांत जास्त. बुर्किना फासो आणि काँगोमध्ये ‘ऑप्टिमा’ नावाच्या पद्धतीने हे उलटवून पाहिलं: दंड भरत जाईल तशी पाकिटं कमी करायची, आणि सॅम-मॅम वेगळे न ठेवता साडेबारा सेंटिमीटरखालच्या सगळ्या मुलांना एकाच केंद्रात, एकाच वस्तूने बरं करायचं. केनिया आणि दक्षिण सुदानमध्येही अशाच जोडकार्यक्रमाची चाचणी झाली. बरी होणारी मुलं तितकीच, खर्च कमी. यात आईचीही एक खेप वाचते. पूर्वी सॅमसाठी एक केंद्र, मॅमसाठी दुसरं, वेगळी पाकिटं आणि वेगळा वार असायचा, आणि लाल रंगातून पिवळ्यात आलेलं मूल घेऊन तिला नव्या रांगेत उभं राहावं लागायचं.